शाल आधी, फी नंतर

वऱ्हाडात माणसाला लुटायचं असेल तर त्याच्या खिशात हात घालू नका. त्याच्या खांद्यावर शाल घाला. हातात नारळ द्या, फोटो काढा, गावच्या चौकात त्याच्या लेकीचं अभिनंदन करणारा फ्लेक्स लावा. खिसा तो आपल्या हातानं रिकामा करेल आणि वर तुम्हाला चहा पाजेल.

हा शोध माझा नाही. अमरावतीतल्या एका एजन्सीचा आहे. तिचं नाव इथं लिहीत नाही, कारण नाव बदलत राहतं. पद्धत बदलत नाही. पोरगा किंवा पोरगी मोबाईलवर 'ऑनलाइन एमबीए' शोधते, कुठल्यातरी पानावर नंबर टाकते, आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, "अभिनंदन, तुमची निवड झाली आहे." निवड! परीक्षा नाही, मुलाखत नाही, अर्जसुद्धा नाही, आणि म्हणे निवड. मग टाय लावलेला एक माणूस गाडी घेऊन गावात येतो. पोरीकडं तो बघतही नाही. तो बापाला विचारतो, "काका, तुमचा सत्कार करायचाय, खुर्ची कुठं ठेवू?"

मी या धंद्याच्या बरोबर समोर बसते. अमरावतीत एका अभ्यासिकेच्या व्हरांड्यात माझं टेबल असतं, रविवारी अकोल्यात असतं. पाटीवर लिहिलंय: 'ऑनलाइन पदवी घेताय? पैसे भरण्याआधी इथं बसा.' सल्ल्याचे पैसे घेत नाही, त्यामुळे निम्मे लोक मला वेडी समजतात आणि उरलेले विचारतात, "ताई, तुमी कोन्या एजन्सीच्या?"

मी मूळची पत्रकवाली. कॉलेजात होते तेव्हा वसतिगृहाच्या पाण्यापासून अडकलेल्या शिष्यवृत्तीपर्यंत सगळ्यांवर पत्रकं लिहिली, स्वतः वाटली, लोकांनी त्यात भजी बांधून खाल्लेली पाहिली. पत्रक लिहिणाऱ्याला एक सवय लागते: मोठ्या शब्दाला पकडून विचारायचं, तू नेमका कोण? ऑनलाइन पदव्यांच्या बाजारात असा पकडण्यासारखा शब्द आहे 'मान्यताप्राप्त'. हा शब्द मला कुणी महिनाभर बंद करून दिला तर मी पेढे वाटेन.

नवख्या माणसाला सांगते. बडनेऱ्याच्या ऑटोवाल्याकडं परमिट असतं. म्हणून तो तुम्हाला नागपूरला नेईल का? विद्यापीठ खरं असणं ही एक गोष्ट. त्याला चांगली श्रेणी मिळालेली असणं ही दुसरी. आणि त्याच विद्यापीठाला, हाच अभ्यासक्रम, ऑनलाइन पद्धतीनं, याच सत्रात शिकवायची परवानगी असणं ही तिसरी. ही परवानगी दिल्लीतला उच्च शिक्षणाचा आयोग देतो आणि तिची यादी आपल्या संकेतस्थळावर उघडी ठेवतो. एजंट पहिल्या दोन गोष्टी छाती फुगवून सांगतो. तिसरीचा विषय निघाला की त्याला दुसरा फोन येतो.

कुणी सोनेरी शिक्क्याचं परदेशी मानांकन दाखवतं. अशी मानांकन देणारी संस्था तुम्ही-मीही उद्या काढू शकतो. शिक्का बनवून देणारे अमरावतीत भरपूर आहेत. ऑनलाइन प्रवेश विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होतो, फी थेट विद्यापीठाला जाते. मध्ये कुणी 'सेंटर' म्हणून पैसे घेत असेल तर तिथून उठायचं. आयोगाच्या पोर्टलवर विद्यार्थ्याला आपला एक क्रमांक काढावा लागतो, तो आपल्याच मोबाईलवरून काढायचा; एजंटनं त्याच्या मोबाईलवरून काढला की तुमची दोरी त्याच्या हातात. आणि फी विचारताना 'एका सेमिस्टरची किती' असं विचारू नका. परीक्षेची, नोंदणीची, प्रकल्पाची, पदवीच्या कागदाची, सगळी मिळून किती ते लेखी मागा. तोंडी आकडा हा भाजीवाल्याकडं चालतो.

हेही सांगते की परवानगी असलेली ऑनलाइन पदवी कॉलेजात जाऊन घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरायची, असा नियम आहे. तेव्हा 'ऑनलाइन म्हणजे हलकं' म्हणून नाक मुरडणाऱ्या साहेबांशीही माझं भांडण आहेच. पण खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. सरकारी विद्यापीठांचे ऑनलाइन एमबीए आहेत, त्यातले काही चांगलेही आहेत, नोकरी करणाऱ्या पोरीच्या पगारात बसणारे आहेत. त्यांचा फ्लेक्स तुम्ही कुठल्या चौकात पाहिला का? नाही दिसणार. ज्या पदवीवर कमिशन नाही, तिचा फ्लेक्स लागत नाही.

टेबलावर माणसं नाना तऱ्हेची येतात. अकोटचे एक गृहस्थ आले. पोरगं सोबत नव्हतंच.

"पोट्ट्याच्या बायोडाट्यात एमबीए टाकाचं हाय," ते म्हणाले. "लग्नाचं जमून राह्यलं. एका महिन्यात भेटन अशी सांगा."

"काका, एका महिन्यात लोणचं मुरते, एमबीए नाई."

"पन पोरीवाले काय म्हनतीन?"

"म्हनतीन, लोणचं चांगलं हाय."

ते खदखदून हसले, माझ्या पत्रकाची घडी करून खिशात ठेवली आणि जाताना त्याच एजन्सीचा पत्ता मलाच विचारला!

यावर मी सुद्धा हसले होते. मीनाताई आल्या तेव्हापासून मी असल्या गोष्टींवर पहिल्यासारखी हसत नाही. अकोल्याच्या मीनाताई एका खासगी शाळेच्या कचेरीत काम करतात. वरच्या जागेसाठी निवड झाली, कागद तपासायला गेले आणि त्यांची पदवी बाजूला काढून ठेवली गेली. विद्यापीठ खरं होतं, पण त्या सत्रात ऑनलाइन शिकवायची परवानगी नव्हती. पदवी त्यांनी ओढणीत गुंडाळून आणली होती. यादी दाखवल्यावर त्यांनी पदवी पुन्हा ओढणीत गुंडाळली. मग म्हणाल्या, "पन मी अभ्यास तं केला नं व ताई? लेकरं झोपल्यावर केला. थो बी खोटा काय?"

अभ्यास खोटा नव्हता. बाकी सगळं खोटं होतं. हे सांगून कुणाचं काय भलं होतं? उठताना त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. त्यांचे वडील, खांद्यावर शाल, हातात नारळ, चेहऱ्यावर मावत नाही असा आनंद. प्रवेशाच्या वेळी एजन्सीनं केलेला सत्कार. वडील आता नाहीत. "बरं झालं बाबा गेले," मीनाताई म्हणाल्या. "हे पाहाले राह्यले नाई." शाल आणि फी यांचा संबंध मला कळला तो त्या दिवशी.

यानंतर आली रूपाली. राहणार वलगावची, नोकरी बडनेऱ्याच्या एका मालगोदामात. आवक-जावक तीच सांभाळते, मॅनेजर रजेवर गेला की मॅनेजरही तीच असते, फक्त पगारात नसते. तो मॅनेजर लवकरच निवृत्त होणार होता. कंपनीनं सांगून टाकलं होतं की ती जागा गोदामातल्याच माणसाला देऊ, मात्र व्यवस्थापनाची मान्य पदवी हवी, निदान प्रवेश तरी घेतलेला हवा. रूपालीनं मला एका विद्यापीठाचं नाव सांगितलं. आम्ही दोघींनी यादी उघडली. विद्यापीठ होतं. त्याचे दोन ऑनलाइन अभ्यासक्रमही होते. एमबीए नव्हता.

मग मी तिला परवानगी असलेले तीन एमबीए शोधून दिले. त्यातला एक सरकारी विद्यापीठाचा, फी तिच्या आवाक्यातली, परीक्षा सुटीच्या दिवशी. प्रवेश पुढच्या आठवड्यात बंद होणार होते.

"भर मग," मी म्हटलं.

"जमत नाई ताई."

"फी जास्त वाटते?"

"फी मी भरतो माह्या पगारातून. थे नाई." ती मोबाईल उलटा-सुलटा करत राहिली. "बाबाचा सत्कार झाला. चौकात फ्लेक्स लागला माह्या फोटोचा. सोमवारी बाबा पैसे घेऊन एजन्सीत जाऊन राह्यले. म्हनते, शब्द देला आता. बाबाची मान खाली घालून मले नाई शिकाचं."

लक्षात घ्या. पोरगी कमावती आहे, हुशार आहे, यादी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तरीही बांधली गेली आहे. तिला बांधायला त्यांना एक कागदसुद्धा लागला नाही. बाजारात पन्नास जागी मिळते तसली एक शाल लागली.

मी दुसऱ्या दिवशी वलगावला गेले. चौकात फ्लेक्स होता: रूपालीचा फोटो, 'निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली तिच्या चेहऱ्यापेक्षा मोठा एजन्सीचा फोन नंबर. तिच्या वडलांचं, गुलाबरावांचं, बिछायत केंद्र आहे. लग्नाला, तेरवीला, सभेला मांडव, खुर्च्या, माईक भाड्यानं देतात. अंगणात खुर्च्यांच्या उतरंडी, कनातींचे गठ्ठे, कोपऱ्यात पाहुण्यांसाठीचा लाल सोफा. आणि भिंतीवर खिळ्याला, प्लास्टिकच्या पिशवीतच, ती शाल.

"बसा," गुलाबराव म्हणाले. "खुर्च्याची आपल्या घरी कमी नाई."

मी बसले आणि सुरूच झाले. आयोग, यादी, सत्र, परवानगी. पत्रक काढून दिलं. त्यांनी ते शांतपणे घेतलं, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. टेबल स्थिर झालं.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं शिक्षन माह्यापरीस जास्त. पन माहं आयका. आजूबाजूच्या गावात माह्या सोफ्याबिगर सत्कार होत नाई. सरपंचाचा होवो का बदली झालेल्या मास्तरचा. सोफा माहा, माईक माहा, टेबलावरचं फुलदान माहं. पन मले स्टेजवर एकडाव बी कोनं बोलावलं नाई. माईक खरखरला तं चढाचं, फूक माराची अन् उतराचं. थ्या पोरानं मले माह्याच सोफ्यावर बसवलं अन् शाल घातली. साऱ्या गल्लीसमोर. आता तुमी म्हनता, नेऊन दे वापस?"

"हो. नेऊन द्या."

"लग्नातला आहेर कोनी वापस नेऊन देते काय? सोयरीक तोडाची असन तं देते."

"मग तोडा! त्या टायवाल्याशी तुमची सोयरीक कधी झाली?"

"बाबा, ताई म्हनते थे खरं हाय," रूपाली मधेच म्हणाली. "यादी म्या बी पाह्यली."

"तू चूप. तुह्यासाठीच करून राह्यलो नं?"

आतून रूपालीच्या आईचा, कमलाबाईंचा आवाज आला, "अन् नारळाची तं चटणी बी झाली. वापस काय नेता, वाटी?"

सगळे हसले, गुलाबराव सोडून. आणि मला कळून चुकलं की यादी दाखवून इथं काही होणार नाही. यादी दिल्लीची, शाल घरची. घरात कुणाचं ऐकतात?

"काका, मी आता काही दाखवत नाही," मी म्हटलं. "तुमी त्याले एक फोन लावा. एवढंच इचारा, पैसे भरले तं पावती कोनाच्या नावाची भेटन? विद्यापीठाच्या का एजन्सीच्या? विद्यापीठाच्या म्हनला, तं मी याच पावली वापस जातो."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी फोन लावला आणि सवयीनं आवाज मोठा केला. पलीकडून गोड स्वर आला, "बोला काका! सोमवारी येताय ना?"

"येतो नं जी. एक इचाराचं होतं फक्त. रसीद कोनाच्या नावाची भेटन? विद्यापीठाच्या का तुमच्या?"

 पलीकडं तो हसला. "काका, असले प्रश्न तुम्हाला शोभतात का? आम्ही तुमचा सत्कार केला. घरचे समजून शाल घातली तुम्हाला. आणि तुम्ही पावती विचारता?"

 "ठीक हाय जी. येतो सोमवारी," म्हणून गुलाबरावांनी फोन ठेवला. भिंतीवरच्या पिशवीकडं पाहिलं. 

"म्हंजे रसीद इचारू नये म्हनून शाल होती," ते म्हणाले.

मी यादीचा विषय पुन्हा काढला नाही. माझ्यासारखीसाठी ते सोपं नसतं.

"नेऊन द्या मंग आता," कमलाबाई दारात येऊन म्हणाल्या.

"नाई. आहेर वापस करत नाई. आहेर फेडतेत." ते उठले, खुर्च्यांची एक उतरंड उगाच सरळ केली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, सोमवारी थ्या ऑफिसात मानसं किती असते?"

"भरलेलं असते. शेवटचा आठवडा हाय."

"मंग माईक लागन."

सोमवारी आम्ही तिघं अमरावतीतल्या त्या एजन्सीच्या कॉम्प्लेक्सच्या पायऱ्या चढलो. गुलाबराव इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. एका हातात शालीची पिशवी, दुसऱ्यात नवा नारळ. रूपालीच्या खांद्याला पट्ट्याचा स्पीकर. आत आई-बाप आणि पोरंपोरी दाटीवाटीनं बसलेले. समोरची आख्खी भिंत फोटोंची: शालीतले बाप. शेतकरी, शिक्षक, गॅरेजवाले, एक निवृत्त पोस्टमन. वरच्या रांगेत मीनाताईंचे वडील, खालच्या रांगेत गुलाबराव. येणाऱ्यानं ही भिंत बघायची आणि शंका पायताणांबरोबर बाहेर ठेवायची, अशी योजना.

"या काका, या!" टायवाला केबिनमधून आला. स्पीकर पाहून थबकला. "हे काय?"

"तुमचा सत्कार हाय," गुलाबराव म्हणाले आणि माईकवर फूक मारली.

आता गंमत पाहा. भरल्या ऑफिसात सत्काराला नाही कसं म्हणणार? ज्या सापळ्यात त्यानं एवढ्या बापांना उभं केलं होतं, त्यात तो आपल्या पायानं येऊन उभा राहिला. गुलाबरावांनी सगळी भाषणं मांडवाच्या मागे उभं राहून ऐकलेली. कुठलं वाक्य कुठं येतं ते त्यांना पाठ.

"उपस्थित मान्यवर, माता-भगिनी अन् विद्यार्थी मित्रहो. आजचे सत्कारमूर्ती कोन हायेत, थे तुमाले सांगाची गरज नाई. यायनं आजलोक लय जनाचा सत्कार केला. पन यायचा कोनीच केला नाई. ही उनीव मी आज भरून काढतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या, सवयीनं. शाल टायवर बसली, नारळ हातात गेला. एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातानं घसरती शाल सावरताना माणसाला काहीही करता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्याचा फोन खिशात वाजून वाजून बंद पडला.

"आता सत्कारमूर्तीयनं दोन शब्द बोलावे, अशी इनंती करतो. जास्त नाई, दोनच गोष्टी. या सत्राच्या आयोगाच्या यादीत आपल्या एमबीएचं नाव कोठी हाय? अन् रसीद कोनाच्या नावाची भेटन?"

आणि त्यांनी माईक त्याच्या तोंडाजवळ धरला.

स्पीकर घूंऽऽ करत राहिला. टायवाल्यानं मान पुढं केली, हळू आवाजात म्हणाला, "काका, आपण केबिनमध्ये बोलू ना." ते हळू वाक्य स्पीकरमधून सगळ्या ऑफिसभर आणि जिन्यात ऐकू गेलं.

मागच्या बाकावरची एक बाई उठली. सोबत तिचं पोरगं होतं. "केबिनमधी काहून?" ती म्हणाली. "अथीच बोला नं. आमाले बी आयकू द्या."

त्यानं माईकपासून तोंड बाजूला घेतलं. बोलण्यासारखं असतं तर बोलला असता. ती बाई पोराचं मनगट धरून माझ्याकडं आली, "ताई, याचं बी पाहा व जरा." तिच्यामागं आणखी काही जण उठले.

सगळे उठले असं लिहायला मला आवडलं असतं. पण नाही उठले. बरेच जण बसून राहिले, आमच्याकडं बघायचं टाळत. एकजण हळूच म्हणाला, "तुमचं काय जाते बाई? आमचा फ्लेक्स लागून गेला गावात." त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती विनवणी होती, जणू मी गप्प राहिले तर त्याची पदवी खरी ठरणार होती. त्यानं त्या दिवशी पैसे भरले. त्या वाक्यावर मी अजून पत्रक लिहू शकलेले नाही.

गुलाबरावांनी भिंतीवरचा स्वतःचा फोटो काढला, काखेत मारला. "फोटो तुमचा, पन थोबाड माहं हाय," टायवाल्याला म्हणाले. तो शाल पांघरून तसाच उभा होता.

तिथून आम्ही अभ्यासिकेत आलो. रूपालीनं स्वतःच्या मोबाईलवरून आयोगाच्या पोर्टलवर स्वतःचा क्रमांक काढला, सरकारी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अर्ज भरला, एकूण फी वडलांना मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली. एवढी कमी असेल यावर त्यांचा विश्वासच बसेना. ती तिनं तिच्या पगारातून भरली. पावती आली, विद्यापीठाच्या नावाची.

"अन् हे लोक सत्कार नाई करत?" गुलाबरावांनी विचारलं.

"नाई बाबा. ई-मेल येते."

"मंग बरे हायेत."

रूपालीची दुसरी परीक्षा आता जवळ आली आहे. प्रवेशाची पावती पाहून कंपनीनं तिला मॅनेजरची जागा दिली, पगार मात्र 'पदवी आल्यावर बघू' म्हणतात. त्या भांडणाचं पत्रक माझ्याकडं तयार आहे. चौकातला फ्लेक्स गुलाबरावांनी स्वतः शिडी लावून उतरवला. आता तो त्यांच्या खुर्च्यांवर झाकायला आहे, अक्षरं आतल्या बाजूला.

आम्ही लेखी तक्रार केली. एका कार्यालयानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं 'हे आमच्या अखत्यारीत नाही' म्हणून पहिल्याकडं. फसलेली माणसं सही करायला येत नाहीत. सही केली की गावात कळतं, आणि गावात तर सत्कार झालेला असतो. एजन्सीनं अमरावतीतलं ऑफिस बंद केलं तेव्हा मला वाटलं, चला, एवढं तरी झालं. मग एका रविवारी मी अकोल्यात टेबल लावून बसले होते, आणि समोरच्या इमारतीवर नव्या नावाची पाटी दिसली. वर जाऊन पाहिलं. टाय तोच. भिंत नव्यानं रंगवलेली आणि तिच्यावर तेच शालीतले बाप. वरच्या रांगेत मीनाताईंचे वडील अजून तसेच हसत होते. माणूस गेला, लेकीची पदवी गेली, आणि त्याचा आनंद अजून गिऱ्हाईक आणून देत होता.

मी तशीच खाली आले आणि गुलाबरावांना फोन केला. काय करायचं ते काही मला सुचलं नव्हतं, नुसती भडाभडा बोलत राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी बडनेरा स्टेशनावर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत मी उभी होते. गुलाबराव फलाटावरून चालत आले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्याला स्पीकर, एका हातात नारळ, दुसऱ्यात दुकानातून नुकतीच आणलेली कोरी शाल.

"मीनाताईले फोन केला काय?" त्यांनी विचारलं.

"केला. त्या अकोल्याच्या स्टेशनावर येणार आहेत."

"मंग फोटो त्याच काढतीन भितीवरचा," ते म्हणाले, आणि माईकवर एक फूक मारून पाहिली.